डग्ग्याची मींड आणि अकरा बाय दहाची खोली: घरी बांधलेल्या पहिल्या सबवूफरचे व स्पीकरजोडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातील एका गृहस्थांचे आहे. ते एका कारखान्याच्या आरेखन विभागात काम करतात, त्यामुळे मोजपट्टी, कागद आणि मिलिमीटर यांच्याशी त्यांचे जुने सख्य आहे. विद्युत्शास्त्र मात्र पदविकेच्या दुसऱ्या वर्षानंतर त्यांनी हातात धरलेले नव्हते. ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. मोजमापाच्या टप्प्यापासून प्रस्तुत लेखक या कामात मदतीला होता, त्यामुळे त्याआधीचा भाग त्यांनी सांगितल्याप्रमाणे दिला आहे.

घरात टीव्हीखाली एक साउंडबार होता आणि त्यावर ख्याल, नाट्यसंगीत व तबल्याचे एकलवादन ऐकले जाई. मुलगी तबला शिकत असल्यामुळे डग्गा नीट ऐकू यावा ही मागणी घरातूनच आली होती. ऐकण्याची खोली अकरा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच होती. खर्चाची मर्यादा तीस हजार रुपये ठरली होती. तयार संच विकत न घेता स्वतः बांधायचा निर्णय पैसे वाचवण्यासाठी घेतला, असे ते सुरुवातीला सांगत. पुढे त्यांनीच कबूल केले की खरे कारण बांधण्याची हौस हेच होते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण हौशीसाठी केलेल्या कामात चुकीला जागा ठेवावी लागते आणि बचतीच्या हिशेबात ती जागा कोणी धरत नाही.

पहिली पेटी

कामाची सुरुवात सबवूफरपासून करावी हा त्यांचा विचार योग्य होता. सबवूफरमध्ये, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या पेटीत, सहसा एकच ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज काढणारा घटक) असतो, पेटी साधी चौकोनी चालते, आणि कोणत्या वारंवारतेपर्यंत आवाज घ्यायचा हे अँप्लिफायरवरील बटणाने ठरवता येते, म्हणून नवख्या माणसाला तो सोपा पडतो. चूक झाली ती ड्रायव्हर निवडण्यात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकानांतून हिंडून त्यांनी गाडीत बसवण्याचा दहा इंची सबवूफर घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 1000 वॉट लिहिलेले होते. आत माहितीचा कागद नव्हता.

तो कागद का हवा, हे येथे सांगणे आवश्यक आहे. ड्रायव्हर कोणत्या पेटीत कसा वाजेल हे वॉटच्या आकड्यावरून कळत नाही. ते कळते नेव्हिल थिएल आणि रिचर्ड स्मॉल या दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापांवरून. थिएल यांनी 1961 मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्टच्या, म्हणजे हवेसाठी नळी बसवलेल्या, पेटीचे गणित मांडले आणि स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे नेले. त्यांतील तीन मापे नवख्या माणसाने पाहिलीच पाहिजेत: मोकळ्या हवेत ड्रायव्हरचा कोन (पुढचा हलणारा शंकूसारखा पडदा) ज्या वारंवारतेला आपसूक डोलतो ती एफएस, त्या डोलण्याला किती आवर बसतो हे सांगणारा क्यूटीएस, आणि कोनच्या लवचिकतेइतकी लवचिक असणारी हवा किती लिटर हे सांगणारा व्हीएएस.

ही मापे हाती नसताना त्यांनी साठ लिटरची पोर्टची पेटी बांधली. पोर्टच्या पेटीला खालचा आवाज जास्त येतो, एवढेच त्यांच्या वाचनात आले होते. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये अठरा मिलिमीटर एमडीएफच्या फळ्या मापाने कापून घेतल्या, फेव्हिकॉल आणि स्क्रू यांनी जोडल्या, आणि दहा सेंटीमीटर आतील व्यासाचा पीव्हीसी पाइप सतरा सेंटीमीटर लांबीचा बसवला. त्या लांबीने साठ लिटरची पेटी सुमारे 40 हर्ट्झच्या सुराला लागते, हे गणित त्यांनी अचूक केले होते. सुतारकामही देखणे होते. कोन हलकेच दाबून सोडला की तो कसा परत येतो यावरून सांध्यांतील हवेची गळती ओळखायची, ही चाचणी मात्र पोर्टच्या पेटीला लागू पडत नसल्यामुळे गळती आहे की नाही हे त्यांना तपासता आले नाही. तो मुद्दा पुढे येईल.

समस्या

पेटी कोपऱ्यात ठेवली, कारण कोपऱ्यात आवाज वाढतो. खुर्ची समोरच्या कोपऱ्यात, दाराशेजारी होती. पहिल्या दिवशी सारे घर खूष होते. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, सगळे ‘घे’ एकाच सुरात वाजतायत.” डग्ग्यावर मनगट सरकवून वादक जी मींड काढतो, ती ऐकू येण्याऐवजी प्रत्येक आघातामागे एकच ‘हूं’ रेंगाळत होता. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरील काकूंनी भांड्यांच्या मांडणीतील ताटे थरथरत असल्याचे सौम्य शब्दांत कळवले.

गृहस्थांनी आधी अँप्लिफायरवर संशय घेतला, नंतर पेटीच्या जाडीवर. आत आडवी पट्टी ठोकून पाहिली, फरक पडला नाही. दुसरा, अधिक मोठा ड्रायव्हर आणण्याच्या बेतात ते असताना मोजमाप करून पाहू असे ठरले. हा या प्रकरणातील पहिला खरा निर्णयबिंदू होता. बाजारात जाऊन आणखी एक वस्तू आणणे त्या क्षणी सोपे आणि मनाला समाधान देणारे होते, तर मोजणे कंटाळवाणे होते आणि त्यासाठी यूएसबी जोडणीचा कॅलिब्रेट केलेला मायक्रोफोन विकत घ्यावा लागणार होता. आरईडब्ल्यू हे मोजमापाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते, पण मायक्रोफोन मोफत मिळत नाही.

मोजमापाने काय दिसले

ड्रायव्हर पेटीतून काढून त्याची मापे घरीच काढली. शंभर ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडून साउंडकार्डच्या साहाय्याने इंपीडन्सचा (प्रत्येक वारंवारतेला विद्युत्प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा) आलेख काढला. मग मुलांच्या खेळण्यातील क्ले स्वयंपाकघरातील काट्यावर पंचवीस ग्रॅम तोलून कोनवर चिकटवला आणि तोच आलेख पुन्हा घेतला. वजनामुळे डोलण्याची वारंवारता किती उतरते यावरून व्हीएएस निघतो. आकडे असे आले: एफएस 38 हर्ट्झ, क्यूटीएस 0.68, व्हीएएस 42 लिटर.

क्यूटीएस 0.68 म्हणजे आवर सैल असलेला ड्रायव्हर. पोर्टच्या पेटीला साधारणपणे 0.4 च्या आसपासचा ड्रायव्हर मानवतो. हा ड्रायव्हर त्या साठ लिटरच्या पेटीत बसवल्यावर 50 ते 60 हर्ट्झच्या दरम्यान जवळजवळ 5 डेसिबलची फूग येते, असे विनआयएसडी या सॉफ्टवेअरने दाखवले. म्हणजे लांबीचे गणित बरोबर असूनही पेटीचा प्रकारच चुकला होता.

एवढ्याने मात्र त्या ‘हूं’चा उलगडा होत नव्हता. 5 डेसिबल जाणवतात, पण ताटे थरथरवण्याइतके नसतात. खुर्चीच्या जागी मायक्रोफोन ठेवून आलेख काढला तेव्हा त्याच पट्ट्यात शेजारच्या वारंवारतांपेक्षा पंधरा डेसिबलचा डोंगर दिसला, आणि 56 हर्ट्झचा आवाज थांबल्यावरही अर्ध्या सेकंदानंतर खोलीत शिल्लक होता. उरलेले दहा डेसिबल खोलीचे होते.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकून उभी राहते, आणि ज्या सर्वांत खालच्या वारंवारतेला ती उभी राहते ती काढण्यासाठी आवाजाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला 343 मीटरला, अंतराच्या दुपटीने भागावे लागते. या खोलीच्या अकरा फुटांना 51 हर्ट्झ, दहा फुटांना 56 हर्ट्झ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीला 59 हर्ट्झ येतात. तिन्ही आकडे एकमेकांना खेटून उभे आहेत. खोली जितकी घनाच्या आकाराकडे झुकते तितके हे दुखणे वाढते, आणि आपल्याकडील नव्या फ्लॅटमधील शयनगृहे बहुतेक अशीच असतात. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तिन्ही लाटांना पुरेपूर चेतवतो आणि कोपऱ्यात बसलेल्या माणसाला त्या तिन्ही पुरेपूर ऐकू येतात. डग्ग्याच्या आघाताबरोबर ही लाट उठे आणि ती विरायच्या आत मींड होऊन गेलेली असे.

सबवूफरसाठी विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय ड्रायव्हर बदलण्याचा होता. मापांचा कागद मिळणारा, क्यूटीएस 0.4 च्या जवळचा ड्रायव्हर घेतला असता तर पेटीतील फूग गेली असती, पण खोलीचा डोंगर तसाच राहिला असता आणि आधीच्या ड्रायव्हरचे पैसे बुडाले असते.

दुसरा पर्याय पोर्ट बुजवून पेटी बंद करण्याचा होता. बंद पेटीचे गणित सुटसुटीत आहे: व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागून त्यात एक मिळवायचा, त्याचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने क्यूटीएसला गुणायचे. साठ लिटरमध्ये उत्तर 0.89 येते. सपाट आवाजासाठी आदर्श मानला जाणारा आकडा 0.707 आहे, आणि या ड्रायव्हरला तो गाठून देण्यासाठी 518 लिटरची पेटी, म्हणजे मोठ्या दोन दारी फ्रिजएवढे खोके लागले असते. गृहस्थांनी वहीत त्या फ्रिजचे रेखाटनही केले होते. पण 0.89 ला येणारी फूग एका डेसिबलहूनही कमी असते, म्हणून आदर्शाचा आग्रह सोडण्यात काहीच गमावण्यासारखे नव्हते.

तिसरा पर्याय डीएसपीचा (ध्वनीवर अंकीय प्रक्रिया करणारा) बोर्ड घेऊन इक्वलायझरने डोंगर कापण्याचा होता. तो एकटाच वापरला असता तर खुर्चीच्या जागी सुधारणा झाली असती, पण खोलीत इतरत्र गोंधळ उरला असता. चौथा पर्याय जागा बदलण्याचा होता आणि त्याला एक पैसाही पडणार नव्हता. नवखे लोक तो शेवटी पाहतात. येथेही तसेच झाले.

एका शंकेचे उत्तर त्यांना द्यावे लागले. पोर्ट बुजवल्यावर अगदी खालचा आवाज जाणार होता. पण ते ऐकतात ते संगीत कोठवर उतरते? काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झला असते. त्याखाली 25 हर्ट्झपर्यंत पोहोचण्यासाठी जी किंमत मोजायची ती भूकंप आणि स्फोट असलेल्या चित्रपटांसाठी मोजायची असते. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली तर कोनला चौपट हलावे लागते. ख्याल ऐकणाऱ्याला त्याची गरज नव्हती. हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःला विचारला असता तर पोर्टचा विषयच निघाला नसता.

सबवूफरबाबत केलेली कृती

पाइप काढून भोकावर एमडीएफची चकती गॅस्केटसह बसवली. आता कोन दाबण्याची चाचणी शक्य झाली आणि तेव्हा मागच्या तळाच्या सांध्यातून हवा सुटत असल्याचे कळले. तो सांधा आतून गोंद व भुसा यांच्या लगद्याने भरला. अँप्लिफायरसाठी 230 व्होल्टचा वीजपुरवठा स्वतः बांधण्याचा बेत त्यांनी सोडून दिला आणि बंदिस्त तयार अडॅप्टर घेतला. लेखकाच्या मते साऱ्या कामात वाद न घालता घेतलेला हा एकमेव निर्णय होता आणि तो सर्वांत शहाणपणाचाही होता.

जागा शोधण्यासाठी जुनी युक्ती वापरली. सबवूफर खुर्चीवर ठेवला, तबल्याचे एकलवादन लावले, आणि गृहस्थ भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत कोठे डग्गा सर्वांत स्वच्छ ऐकू येतो ते पाहत गेले. त्यांच्या पत्नींनी या प्रसंगाचे छायाचित्र जपून ठेवले आहे. अकरा फुटी भिंतीचा मध्य ही जागा निघाली, आणि गणितही तेच सांगत होते: लांबीच्या बरोबर मध्यावरून 51 हर्ट्झची लाट चेतत नाही. खुर्चीही कोपऱ्यातून काढून समोरच्या बाजूला मध्यावर आणली. उंचीची 59 हर्ट्झची लाट बसलेल्या माणसाच्या कानाशी क्षीणच असते, कारण कान जमीन आणि छत यांच्या मध्याच्या जवळपास येतो. राहिली रुंदीची 56 हर्ट्झची. तिच्यासाठी खुर्ची एक फूट पुढे सरकवली आणि उरलेला उंचवटा डीएसपीमधून 56 हर्ट्झवर अरुंद पट्ट्यात 5 डेसिबल उतरवून घेतला. उंचवटे असे कापता येतात. खड्डे मात्र इक्वलायझरने भरता येत नाहीत, कारण तेथे कितीही शक्ती ओतली तरी परतणारी लाट ती खाऊन टाकते.

मुख्य स्पीकर: दुसरी चूक

सबवूफर मार्गी लागल्यावर साडेसहा इंची वूफर आणि एक इंची डोम ट्वीटर यांची जोडी बांधायला घेतली. या वेळी मापांचे कागद मिळणारे ड्रायव्हर घेतले आणि चौदा लिटरच्या बंद पेट्या नीट गणित करून बांधल्या. येथे पर्याय होता तो एखादे सिद्ध, प्रकाशित आरेखन जसेच्या तसे बांधण्याचा. गृहस्थांनी तो नाकारला. दुसऱ्याच्या नकाशावर घर बांधल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते.

क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे वाटून देणारे मंडल, त्यांनी पुस्तकी सूत्राने काढला: 2,500 हर्ट्झ, 8 ओहम, दुसऱ्या क्रमाचा लिंक्विट्झ-रायली या प्रकारचा. सूत्राने 1.02 मिलिहेन्रीची कॉइल आणि 3.98 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो. या क्रमात ट्वीटरची जोडणी उलटी करावी लागते, तेही त्यांनी केले. तरीही गायकाचा आवाज कर्कश आणि पातळ येत होता. तार सप्तकात गेल्यावर तो कानात टोचे.

कारण असे की 8 ओहम हा आकडा वूफरच्या पाठीवर छापलेला असतो, वास्तवात तो क्वचित कोठे सापडतो. वॉइस कॉइल (कोन हलवणारे तारेचे वेटोळे) ही स्वतःच एक कॉइल असल्यामुळे वारंवारता चढेल तसा तिचा अडथळा चढतो. या वूफरचा रोध 6 ओहम आणि इंडक्टन्स 0.7 मिलिहेन्री होता, त्यामुळे 2,500 हर्ट्झला प्रत्यक्ष इंपीडन्स 12 ओहमच्या पुढे जात होता. परिणामी जो वूफर तेथे 6 डेसिबल उतरायला हवा होता तो जेमतेम 2 उतरला, आणि 3,000 हर्ट्झला, जेथे तो पावणेआठ डेसिबल खाली असायला हवा, तेथे मुळीच उतरला नव्हता. दोन ड्रायव्हर एकाच पट्टीत एकमेकांवर ओरडत होते.

पातळपणाचे कारण वेगळे होते. पेटीची पुढची फळी बावीस सेंटीमीटर रुंद होती. 115 ला मीटरमधील रुंदीने भागले की साधारण 520 हर्ट्झ येतात. त्याच्या खालचा आवाज फळीला वळसा घालून मागे पसरतो आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला 6 डेसिबलपर्यंत कमी येतो. पुस्तकी सूत्रात ही तूट धरलेली नसते.

दुरुस्तीसाठी स्पीकर गच्चीवर नेले. सव्वा मीटरहून थोड्या उंच स्टुलावर ठेवून एक मीटरवरून मोजले, तर जमिनीवरचे पहिले परावर्तन सुमारे 5 मिलिसेकंद उशिरा येते आणि त्याआधीचा आवाज कापून घेता येतो. 200 हर्ट्झच्या खालचे आकडे मात्र अशा मापात भरवशाचे नसतात. प्रत्येक ड्रायव्हरचे माप व्हिट्युइक्सकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घालून क्रॉसओव्हर नव्याने रचला. वूफरला समांतर 7.5 ओहम व 12 मायक्रोफॅरडची जोडी लावून चढता इंपीडन्स सपाट केला, कॉइल मोठी केली आणि ट्वीटर रेझिस्टरने खाली उतरवला. मुख्य स्पीकर व सबवूफर यांची वाटणी डीएसपीत 80 हर्ट्झला केली.

परिणाम

खुर्चीच्या जागी 50 ते 60 हर्ट्झमधील पंधरा डेसिबलचा डोंगर चारपर्यंत खाली आला. मुख्य स्पीकरचा गच्चीवरील आलेख 200 ते 10,000 हर्ट्झ अधिक-उणे अडीच डेसिबलमध्ये बसला, जो पहिल्या प्रयत्नासाठी उत्तमच म्हणावा लागेल. मुलीने डग्ग्याला पसंतीची पावती दिली. वरच्या काकूंची तक्रार बंद झाली, तरी रात्री दहानंतर सबवूफर बंद ठेवण्याचा नियम घरात पाळला जातो, कारण खालच्या वारंवारता काँक्रीटला जुमानत नाहीत. खर्च तीस हजारांऐवजी सत्तेचाळीस हजारांवर गेला. त्यातील वाढीव रकमेचा मोठा भाग फेकून दिलेल्या पहिल्या क्रॉसओव्हरचे भाग, डीएसपी आणि मायक्रोफोन यांवर गेला.

वेगळे काय करता आले असते

मायक्रोफोन ड्रायव्हरच्या आधी घ्यायला हवा होता. साउंडबार वाजवून खोली मोजली असती तरी 51, 56 आणि 59 ची गर्दी पहिल्याच संध्याकाळी दिसली असती. मोजपट्टीने तर ती विनाखर्चही कळली असती. मापांचा कागद नसलेला ड्रायव्हर घेऊ नये हे खरेच, पण घेतलाच तर पेटी कापण्याआधी क्ले चिकटवून मोजावा.

मुख्य स्पीकरच्या बाबतीत लेखकाचे आणि गृहस्थांचे आजही एकमत नाही. लेखकाला वाटते की पहिली जोडी सिद्ध आरेखनावरूनच बांधायला हवी होती, कारण मग आवाज बिघडला तर दोष सुतारकामात किंवा जोडणीत आहे एवढे तरी निश्चित होते. येथे लाकूड, गणित आणि खोली या तिघांवर एकाच वेळी संशय घ्यावा लागला. गृहस्थांचे म्हणणे असे की फसलेल्या क्रॉसओव्हरनेच त्यांना इंपीडन्स शिकवला. एमडीएफबद्दल मात्र दोघांचे मत बदलले आहे. त्याची बारीक भुकटी मास्कशिवाय कापण्यासारखी नाही, आणि पावसाळ्यात तळाची उघडी कड पाणी शोषून फुगली. कड सीलरने बंद करायला हवी होती. कोकणात तर पाण्याला टिकणारा प्लाय घेणेच बरे.

56 हर्ट्झचा उरलेला उंचवटा घालवण्याचा खरा उपाय दुसरा सबवूफर समोरच्या भिंतीच्या मध्यावर ठेवण्याचा आहे. समोरासमोरचे दोन सबवूफर रुंदीची ती लाट परस्परांत जिरवतात. ड्रायव्हरची मापे माहीत आहेत, पेटीचा नकाशा तयार आहे. पण खुर्चीमागे नेमक्या त्याच जागी कपड्यांचे कपाट उभे आहे, आणि ते हलवण्याचा विषय घरात अद्याप निकाली निघालेला नाही.